अंगठ्याचा भाव

मराठीच्या प्राध्यापकाला शेजारीपाजारी कशासाठी हाक मारतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिका, शोकसंदेश, सोसायटीतली भांडणे – साऱ्यांचे मसुदे मी लिहून दिले आहेत. 2023 च्या दिवाळीत मात्र समोरचे गृहस्थ विम्याचा अर्ज घेऊन आले. चेंबूरच्या एका गल्लीत त्यांचे पत्राकामाचे वर्कशॉप आहे. कामगार आठ. दहा असते तर 1948 चा कामगार राज्य विमा कायदा लागला असता. आठांसाठी खासगी विमा.

“सर, हप्ता पुन्हा वाढला हो,” चकली मोडत ते म्हणाले.

हा हप्ता ठरतो एकूण पगारावर आणि कामातल्या धोक्यावर. धोका काही कमी होणारा नव्हता. तेव्हा माणसेच कमी करायची ठरली, अर्थात कागदावर. पाच नावे लिहिली. लिहिली म्हणजे मीच लिहिली, चांगल्या सुवाच्य अक्षरात.

2024 च्या श्रावणात प्रेसखाली एकाची तर्जनी मुळापासून गेली. वय तीस, पगार पंधरा हजार. आठांतला तो सहावा.

गृहस्थ पुन्हा आले. “पंचवीस हजार देतो त्याला. हिशेब मिटल्याची पावती तेवढी लिहून द्या.”

या वेळी पेन उघडण्याआधी मी कायदा उघडला. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा. (2009 च्या दुरुस्तीने ‘कामगारा’चा ‘कर्मचारी’ झाला, बोटे तीच राहिली.) त्यातली यादी वाचून मी थक्कच झालो. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरायचे. तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. द्रोणाचार्यांना ही यादी न वाचताच महाग बोट नेमके ठाऊक होते!

मग हिशेब मांडला. पगाराचे 60 टक्के म्हणजे नऊ हजार. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, त्याचे 14 टक्के. आकडा आला 2 लाख 62 हजार 55. विमा असो वा नसो, देणे मालकाचेच. आणि हक्क सोडल्याची पावती त्या कामगाराने खुशीने दिली असती तरी कायद्यापुढे ती रद्दीच.

गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. पाच नावे कोणी लिहिली होती हे त्यांनी काढले नाही; काढले असते तर बरे झाले असते. पुढे दुकानावर कर्ज काढून त्यांनी रक्कम आयुक्तांकडे भरली. त्या कामगाराला आता प्रेसवर बसवत नाहीत, माल मोजायला ठेवले आहे.

तो जुना कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. हप्ता काही त्यामुळे उतरलेला नाही. यंदाही अर्ज घेऊन गृहस्थ आले. मी आठही नावे लिहिली.

“झाले?” मी विचारले.

“झाले. म्हणजे, एक नवा पोरगा येतोय गणपतीपासून. पण तो अजून पक्का नाही.”

“त्याचे नाव काय?”