दप्तर उघडं, चेअरमन झाकलेला

सप्टेंबर हा आमच्याकडे सर्वसाधारण सभांचा महिना. तीस तारखेच्या आत सभा उरकायची असते, त्यामुळे गावोगावच्या सोसायट्यांचे अहवाल छापून येतात, चहा-फरसाणाची ऑर्डर जाते आणि गटसचिवांचा फोन लागेनासा होतो. जुन्या वाचकांना हे पाठ आहे. पण यंदा माझ्याकडे मत मागायला जो उमेदवार आला, तो कुठल्याच सोसायटीचा नव्हता. उमरग्याचाच मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत, गणपतीला गावी आलेला. म्हणाला, "काका, मी एका कॉइनच्या कम्युनिटीत खजिनदारपदाला उभा आहे. पगार नाही, भत्ता नाही, निव्वळ सेवा. तुम्ही थोडे कॉइन घेतले तर तुमचंही मत मला पडेल."

म्हणजे मतदार व्हायचं तर आधी मत विकत घ्यायचं, तेही ज्यांच्याकडे मतांचा ढीग पडलाय त्यांच्याकडूनच. कॉइनचं नाव इथं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

तरी मी त्याला चहा पाजला आणि सोसायटीच्या निवडणुकीचे चार नियम ऐकवले. त्यावर त्याने जे उत्तर दिलं, ते आठवडाभर डोक्यातून जाईना. "काका, आमचं दप्तर चोवीस तास उघडं असतं. कुठून किती कॉइन निघाले, कुठं गेले, जगात कुणीही बघावं. तुमच्या सोसायटीचं दप्तर तुम्ही शेवटचं कधी बघितलं?"

इथं मात्र गप्प बसावं लागलं. सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क कायद्यात आहे. प्रत्यक्षात तो बजावायला गेलात, तर कपाटाची किल्ली नेमकी तालुक्याला गेलेली असते. ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक गळीत हंगाम बंद राहिला. त्याच्या धुराड्याकडे बघत आयुष्य काढलेल्या सभासदांपैकी किती जणांनी त्याचा ताळेबंद एकदा तरी हातात धरला असेल? पोराचा मुद्दा बिनतोड होता, हे कबूल.

फक्त त्याने अर्धाच मुद्दा सांगितला. त्यांच्याकडे दप्तर उघडं असतं आणि माणूस झाकलेला. आमच्याकडे माणूस उघडा आणि दप्तर झाकलेलं.

आमच्या निवडणुकीत अर्ज भरला की सूचक लागतो, अनुमोदक लागतो, थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. छाननीच्या दिवशी तर विरोधी पॅनल उमेदवाराची सगळी कुंडली मांडतं. कुणाच्या नावावर किती उचल आहे, कुणी कुणाला जामीन राहिलाय, कुणाचा ऊस मुरूमच्या विठ्ठलसाईला गेला आणि कुणाचा हद्दीपलीकडे कर्नाटकात, सगळं निवडणूक अधिकाऱ्यासमोर बाहेर येतं. पद्धत गावरान आहे, पुष्कळदा हलकटही आहे. पण चेअरमन झालेल्या माणसाचं घर, शेत आणि सासुरवाडी साऱ्या गावाला ठाऊक असते. पोराच्या निवडणुकीत सात उमेदवार आहेत. त्यातल्या दोघांनीच स्वतःचं खरं नाव दिलंय, हा त्यातला एक. बाकीच्यांची ओळख म्हणजे कोल्ह्याचं नाहीतर रोबोचं चित्र. "कामावरून पारखायचं असतं, काका." बरोबर आहे. पण खजिनदाराचं काम कळतं ते खजिना रिकामा झाल्यावर.

ही नुसती म्हाताऱ्याची कुरकुर समजू नका. कॉइनच्या जगातली एकेकाळची वजनदार संस्था घ्या, 2012 साली अमेरिकेत निघालेलं बिटकॉइन फाउंडेशन. गंमत म्हणजे तिची घडण आपल्या कारखान्यासारखीच होती. संचालक मंडळात संस्थापकांच्या जागा, उद्योगांच्या जागा आणि वैयक्तिक सभासदांच्या जागा. आपल्याकडे संस्था मतदारसंघ आणि उत्पादक गट असतात, तसंच. तिथं नावंही उघडी होती. तरी 2014 च्या जानेवारीत उपाध्यक्ष चार्ली श्रेम यांना न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली. महिन्याभरात दुसरे संचालक मार्क कार्पेलेस यांचं टोकियोतलं 'माउंट गॉक्स' एक्सचेंज बुडालं. साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं जाहीर झालं, त्यातले दोन लाख पुढे सापडले. दोघांनी राजीनामे दिले. त्या दोन जागांसाठी मे 2014 मध्ये निवडणूक झाली, आणि निवडून आलेल्या एका संचालकावरून काही सभासद संस्थाच सोडून गेले. 2015 च्या निवडणुकीत वैयक्तिक सभासदांनी ओलिव्हिए यानसेन्स यांना पाठवलं. एप्रिलमध्ये त्यांनी जाहीरच करून टाकलं की संस्था जवळजवळ दिवाळखोर आहे, पैसे संपलेत. पारदर्शकतेचा झेंडा घेतलेल्या या संस्थेच्या तिजोरीत खडखडाट आहे, हे सभासदांना कळायला त्यांच्यातलाच एक माणूस आत जावा लागला. आमच्याकडे त्याला विरोधी पॅनलचा संचालक म्हणतात. त्याच्या चहात साखरसुद्धा मोजून घालतात, पण असतो तो हवाच.

आता मतांचं बघू. 1844 साली इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं, तेव्हापासून सहकारात माणशी एक मत. आपल्या 1960 च्या कायद्यातही कलम 27 ने तेच ठरवलंय. शंभर भाग असोत की एक, मत एकच. 'डॅश' नावाच्या नाण्याची रीत याच्या उलट आहे. एक हजार डॅश बांधून ठेवले की एक मास्टरनोड मिळतो आणि एका मास्टरनोडला एक मत. दहा हजार असतील तर दहा मतं. त्यांच्या ट्रस्टवर देखरेख करणारे रक्षकसुद्धा याच मतांवर निवडले जातात. 2014 च्या जानेवारीत ते नाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन दिवसांत सुमारे 19 लाख नाणी निघाली. मूळ मंडळी म्हणतात, प्रोग्रॅममध्ये चूक होती. असेल बुवा. पण पहिल्या दोन दिवसांत जो जागा होता, त्याला जन्मभराची मतं मिळाली. असं आपल्याकडे झालं असतं, तर गाडी भरून माणसं सहायक निबंधकांच्या कचेरीत गेली असती.

एका बाबतीत मात्र त्यांचं पारडं जड आहे. डॅशमध्ये खर्चाचा कुठलाही ठराव पास व्हायचा, तर विरोधी मतं वजा करून एकूण मास्टरनोडच्या दहा टक्क्यांहून जास्त होकार शिल्लक राहावे लागतात. आपल्या सभेत गणसंख्या भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच ठिकाणी, त्याच विषयांवर, आहेत तेवढ्या माणसांत पुन्हा भरते. त्या अर्ध्या तासात फरसाण संपतं. वीस माणसांच्या हात वर करण्यावर कोटींचे ठराव होतात. म्हणून यंत्राला नावं ठेवताना जरा दमानं घेतो.

आता 'निव्वळ सेवा' या शब्दांवर येतो, कारण राग त्यांचाच आलाय. बिनपगारी पदाचं आपल्याला अप्रूप नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी कारखाना उभारला तेव्हा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राचा एवढा मोठा प्राध्यापक उसाच्या वजनकाट्याशी जाऊन उभा राहिला. तशा पदाला वजन येतं ते जबाबदारीमुळे. लेखापरीक्षणात खोट निघाली, चौकशी झाली, की कलम 88 खाली संचालकाकडून वसुली लागते. (आलं कलम 88, वाचक म्हणतील. येणारच.) वसुलीची प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात, मंत्रालयातून स्थगिती येते, हेही लिहून लिहून माझी शाई संपली. पण स्थगिती आणायला तरी धावावं लागतं ना! पोराला मी एवढंच विचारलं, उद्या तुमच्या खजिन्याला भोक पडलं तर तुझ्यावर कोण, कुठं, कुठल्या कलमाखाली दावा लावणार? तो म्हणाला, "तशी वेळ येणार नाही." हे वाक्य मी चाळीस वर्षं अहवालांच्या पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या मनोगतात वाचत आलोय.

वेळ आली तर काय होतं, ते महाराष्ट्राने बघितलंय. 'गेनबिटकॉइन' या योजनेने महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने, असा वायदा केला होता. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल 2018 मध्ये पकडलं. परतावा बिटकॉइनमध्ये देणं जमेना तेव्हा लोकांच्या हातात 'एमकॅप' नावाचं स्वतःचंच टोकन टेकवलं गेलं होतं. अशा साखळीत माणसं जोडणारे म्हणजे कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी वर्गमित्र. पैसे मागायला लोक सूत्रधाराकडे जात नाहीत, मेहुण्याच्या दारात जातात. खरं नाव देणाऱ्या दोन उमेदवारांपैकी हा एक आहे, म्हणून मला काळजी वाटते ती याचीच. कोल्ह्याच्या चित्राच्या घरी कोण जाणार?

नाणं मरतं म्हणजे काय, हे या भागाला नवं नाही. आमच्या आजोबांच्या बटव्यात निजामाचा हाली सिक्का असायचा आणि सोलापूरच्या बाजारासाठी कलदार. नुकताच मुक्तिदिनाचा झेंडा लावला, त्या 1948 नंतरही हाली चालत राहिला. सात हालीला सहा कलदार असा भाव ठरला, आणि हाली पुरता रद्द व्हायला 1959 उजाडलं. निजामाचं राज्य गेलं तरी शेतकऱ्याला त्याचं नाणं बदलून घ्यायला खिडकी होती. एमकॅपची खिडकी कुठं आहे?

खिडकी शोधत किती लांब जावं लागतं, ते 'वझीरएक्स' या कॉइन-एक्सचेंजच्या ग्राहकांना विचारा. कारभार मुंबईचा. 18 जुलै 2024 ला 23 कोटी डॉलरच्या आसपासचा माल चोरीला गेला. दहा दिवसांच्या आतच कंपनीने तोटा सगळ्यांनी मिळून सोसण्याची योजना पुढे केली आणि त्यावर ग्राहकांचं मत मागवलं. पुढे प्रकरण गेलं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण कागदावरची कंपनी तिथली. 2025 मध्ये ग्राहकांनी घेणेकरी म्हणून दोनदा मतदान केलं. आमचा सभासद भांडायला निघाला तर एसटीने धाराशिवला, जिल्हा उपनिबंधकांकडे जातो आणि संध्याकाळी चिडून परत येतो. पण जेवायला घरी असतो.

पोराला मी मत दिलं नाही, कॉइन घेतले नाहीत. उभा राहू नकोस असंही म्हणालो नाही. हिशेब त्याला चांगला कळतो आणि अशा पोराला आमच्या सोसायटीत कुणी पॅनलमध्ये घेणार नाही, हे मला माहीत आहे. एवढंच सांगितलं की निवडून आलास तर पहिला ठराव बाहेरच्या ऑडिटरचा मांड, आणि चित्रवाल्या उमेदवारांकडून सही घे. सही कुठल्या नावाने घेऊ, असं त्याने विचारलं. तो प्रश्न त्याचा त्याने सोडवावा.

त्याने माझ्याबद्दल जे विचारलं होतं, त्याची तजवीज मी लगेच केली. आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. गेल्या लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल मिळावा आणि सभेआधी दप्तर पाहू द्यावं, असा लेखी अर्ज सोमवारी दिला. अर्ज ठेवून घेतला आहे. पोच द्यायला शिक्का सापडत नाही म्हणाले.