हसण्यावारी नेऊ नका

कुत्रं मागचा भाग फरशीवर घासत पुढे सरकायला लागलं की घरात हशा पिकतो. कोणीतरी मोबाइल काढून शूटिंग करतं. मग एखादे जाणकार काका निदान करतात, "जंत झालेत, गोळी द्या." गोळी दिली जाते आणि विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये.

जंतांमुळे कुत्रं असं करतं हे खरंच आहे. पण बरेचदा कारण वेगळं असतं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या 4 आणि 8 च्या जागी म्हणा ना, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. डॉक्टर त्यांना अ‍ॅनल ग्लँड म्हणतात. त्यांतल्या द्रवाला कुजक्या माशासारखा वास असतो. दोन कुत्री भेटल्यावर एकमेकांच्या शेपटीखाली नाक खुपसतात, त्यामागे हा वासही असतो. शी घट्ट असली की तिच्या दाबाने हा द्रव आपोआप बाहेर पडतो. शी सारखी पातळ होत असेल, वजन वाढलं असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर तो आत साचू शकतो. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं. मग सूज, पू, गळू... आणि गळू फुटलं की शेपटीजवळ चक्क भोक पडतं! तोवर ते मुकं जनावर बसताना, शी करताना किती कळवळत असेल, कल्पना करा.

आपण डॉक्टरांकडे जायला उशीर करतो, कारण या जागेबद्दल बोलायचीच आपल्याला लाज वाटते. स्वतःची मूळव्याध लपवणारी माणसं आपण! पण इथे लाज आपली आणि दुखणं त्याचं, हा कुठला न्याय?

याचं दुसरं टोकही मला पटत नाही. काही ठिकाणी आंघोळ, नखं, कान यांच्याबरोबर या पिशव्याही दर महिन्याला 'साफ' करून देतात. काही त्रास नसताना त्या दाबत राहिलं तर उलट सूज येऊ शकते. गरज असेल तेव्हा पशुवैद्याने दाबाव्यात. संसर्ग असेल तर औषध, आणि वारंवार होत असेल तर मुळाशी काय आहे, खाणं, वजन की अ‍ॅलर्जी, ते शोधावं. ऑपरेशनने पिशव्या काढताही येतात, पण त्यात शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि कुत्रं म्हातारं असेल तर तपासणी टाळूच नका, कारण तिथे कधी कधी कॅन्सरची गाठही निघते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुत्रं फरशीवर घासताना, सारखं शेपटीखाली चाटताना दिसलं, तर मोबाइल बाजूला ठेवा. शेपटी उचलून बघा. लाल दिसलं, सुजलेलं वाटलं तर सरळ डॉक्टर गाठा. आणि तिथे गेल्यावर "जरा पोट बिघडलंय" असं मोघम सांगू नका, जागेचं नाव घेऊन बोला.