आभार मानायला उत्तनला चला

सिल्व्हर पार्कातल्या आणि आजूबाजूच्या शेजाऱ्यांनो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घरच्यांना घेऊन कुठे जायचं हे अजून ठरलं नसेल तर हे वाचा. ठरलं असेल आणि रिसॉर्टचे पैसे भरायचे बाकी असतील, तर भरण्याआधी वाचा.

मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही तीन घरं मिळून हायवेलगतच्या एका रिसॉर्टला गेलो. जाताना अडीच तास ट्रॅफिकमध्ये, येताना तीन. तिथे 'ऑटम स्पेशल' म्हणून जेवणाच्या हॉलला प्लास्टिकची लाल-केशरी पानं टांगली होती आणि दारात एक फुगवलेला भोपळा बसवला होता. सासूबाईंनी भोपळ्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याचं भरीत व्हायचं नाही." दिवसभरात कानावर पडलेलं तेवढंच एक शहाणं वाक्य. मुलं पोहली, जेवली, मग फोन घेऊन बसली. घरी आल्यावर धाकट्याला विचारलं, काय काय पाहिलंस रे? म्हणाला, "पूल."

लाल पानांचा शरद आपला नव्हेच. आपल्या रस्त्यावरचे बदाम लाल होतात तेही हिवाळा सरता सरता. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक : धुतलेलं आभाळ, भाजून काढणारं दुपारचं ऊन, संध्याकाळी अचानक गडगडून येणारी सर आणि खाचरात पिवळं पडलेलं भात. तो पाहायला हायवेला लागायची गरज नाही. मीरा रोडच्या कितीतरी इमारती मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जमिनीवर उभ्या आहेत. उरलेली खाचरं खाडीच्या बाजूला, बसने तासाभराच्या आत आहेत.

तो भोपळा जिथून आला त्या सणाला मी नाक मुरडणार नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या ऑफिसला दिवाळीची सुट्टी नसते, म्हणून तिची मराठी मित्रमंडळी त्या गुरुवारी एकत्र जमतात. टर्की कोणी करत नाही. मसालेभात, मटार-उसळ आणि उरलेल्या फराळाची चकली. पण जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, यंदा मी कोणाचे आभार मानतो. आपण 'वदनी कवळ'पासून जे सोडून दिलं ते तिकडे पोरांनी धरून ठेवलंय, हे मला आवडतं. आपल्याकडे मात्र तो गुरुवार पोचलाच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा खरेदीचा शुक्रवार तेवढा मॉलमध्ये आणि मोबाइलवर येऊन बसला.

त्या सणातही एक गोष्ट राहून गेली आहे. १६२१ साली प्लिमथला आलेल्या इंग्रजांना मका कसा लावायचा ते तिथल्या मूळ लोकांनी शिकवलं, म्हणून पीक आलं आणि मेजवानी झाली. पुढे १८६३ मध्ये लिंकनने त्याला साऱ्या देशाचा दिवस केला. आणि १९७० पासून त्याच प्लिमथला मूळ अमेरिकन लोक दर थँक्सगिव्हिंगला शोकदिन पाळतात. ज्यांनी पेरायला शिकवलं त्यांच्या जमिनी गेल्या, आभार त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : ज्याच्या हातून घास आला त्याच्या दारापर्यंत आभार गेले पाहिजेत. आणि सिल्व्हर पार्कातून ते दार फार लांब नाही.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्याकडे आश्विन पौर्णिमेला, म्हणजे नवान्न पौर्णिमेला, 'नवं' बांधायचे. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं तुऱ्यासारखं फूल, असं सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून दोऱ्याने घट्ट करायचं आणि घराच्या दाराला बांधायचं. नुसतं दारालाच नाही. विहिरीला, नांगराला, धान्याच्या कणगीला, पुढे पुढे काकांच्या मोटरसायकलच्या हँडललासुद्धा. ज्याने ज्याने वर्षभर काम केलं त्या प्रत्येकाला नव्या पिकातला वाटा. मग नव्या तांदळाची खीर, नारळाच्या रसातली, गूळ घालून. ती देवाला दाखवल्याशिवाय नवा तांदूळ कोणी तोंडात घालायचं नाही. लहानपणी मला हा देवाचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, हावरटपणाला लावलेली ती कडी होती.

आता ह्याची जोडी पाहा. आपल्या मागेच, उत्तन-गोराई-मनोरीच्या पट्ट्यात आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' करतात. नावाने गोंधळू नका. हे लोक इथलेच, घरात मराठीच्या बोली बोलणारे. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. आगेराला नव्या भाताच्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या लोकांना वाटतात. घरोघरी ती लोंबी येशूच्या किंवा मारियेच्या तसबिरीजवळ वर्षभर राहते. गोव्यातही असाच कणसांचा सण असतो, पण तिथे तो आधी येतो. रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला.

२०२५ साली गंमत झाली. २ ऑक्टोबरला दसरा, ५ ऑक्टोबरला रविवार म्हणून आगेरा आणि ६ ऑक्टोबरला कोजागिरी. पाच दिवसांत एकाच लोंबीला दोन धर्मांनी हात जोडले आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात सर्वांत लांब चर्चा चालली ती दांडियाच्या वर्गणीची. असो.

तर जायचं कसं. सिल्व्हर पार्कहून बसने किंवा रिक्षाने भाईंदर स्टेशन गाठा, पुलावरून पश्चिमेला या. स्टेशनबाहेरून पालिकेच्या उत्तन आणि चौकच्या बस सुटतात. गाडी घरी ठेवा. पुढचा रस्ता अरुंद आहे आणि खिडकीशी बसून जाण्यातच निम्मी सहल आहे. मुर्धा, राई, मोर्वा ही आगऱ्यांची गावं लागतील. मुलांना सांगा की आगरी म्हणजे आगरात राबणारे, आणि आगर म्हणजे मिठाचंही. ऑक्टोबरात मिठाच्या पांढऱ्या राशी दिसायच्या नाहीत. पावसाळा सरला की आधी कोंड्यांचे बांध आणि तळ नीट करायचे असतात, मीठ हाती लागतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. डब्यातल्या चिमटीमागे इतके महिने असतात, हे मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

पुढे डोंगरी, मग उत्तन. सकाळी लवकर पोचलात तर बंदरावर होड्या लागलेल्या दिसतील. जून-जुलैची मासेमारी बंदी उठून दोन महिने झालेले असतात, वारा बसलेला असतो, आणि डोल जाळ्यांतून बोंबील, मांदेली, जवळा, करंदी यायला लागलेली असते. बांबूंच्या मांडवावर जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले बोंबील वाळत असतात. वास येतो, येणारच. मुलांनी नाक दाबलं तर दाबू द्या, पण "शी" म्हणाली तर तिथेच थांबवा. ते कोणाच्या तरी अंगणात उभं राहून त्यांच्या कमाईला "शी" म्हणणं आहे.

मासे खाणाऱ्यांनी त्या दिवशी कोळणीकडून थेट घ्यावेत. आणि माझी एक विनंती, त्या एका दिवशी घासाघीस करू नका. मावशींना विचारा, होडी कोणाची, किती वाजता निघाली, कुठवर गेली. बंदरावरची बाई सकाळच्या घाईत असली तर दोन शब्दांत उत्तर देईल, फुरसतीत असली तर अर्धा तास देईल. शाकाहारी शेजाऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. सकाळी मीरा रोड स्टेशनबाहेर वसईची भाजी आणि वेलची केळी घेऊन ज्या बसतात त्यांच्याकडे हाच दिवस न्या. त्या पहाटे किती वाजता उठतात हे विचारून बघा आणि मग पुढच्या वेळी फुकट कोथिंबीर मागून बघा. तोंडातून शब्द निघणार नाही.

आगेराच्या दिवशी चर्चपाशी जाणार असाल तर पाहुण्यासारखे जा. वेळ आधी कोणाला तरी विचारा, कारण प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. प्रार्थना चालू असताना मागे उभे राहा, फोन खिशात ठेवा. खाचरात उतरून फोटोसाठी लोंब्या मोडू नका. ते कोणाचं तरी वर्षाचं भात आहे. लोंबी हवीच असेल तर दसऱ्याला झेंडूच्या तोरणात भाताच्या लोंब्या ओवलेल्या मिळतात, त्यातली एक काढून ठेवा आणि पौर्णिमेला फ्लॅटच्या दाराला बांधा. विहीर-नांगर नाही, तर गॅसच्या शेगडीला बांधा, मिक्सरला बांधा. हसू नका, आमच्या लिफ्टला गेल्या वर्षी बांधलं होतं. वर्षभरात तीच सर्वांत जास्त राबते.

बस चौकपर्यंत जाते. तिथल्या टेकाडावर धारावी किल्ल्याची जागा आहे. वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ह्या जागेसाठी मराठे आणि पोर्तुगीज हट्टाने लढले, आणि का लढले ते तिथे उभं राहिलं की पुस्तकाविना कळतं : समोर खाडीचं तोंड आणि पलीकडे वसईचा किल्ला. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून आपण कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर जाऊन येतो. ह्या टेकाडापर्यंत आलात तर ते खरं सीमोल्लंघन. आपट्याचं सोनं वाटताना मात्र फांद्या विकत घेऊ नका. बाजारात आपटा म्हणून बरेचदा कांचन गळ्यात मारतात आणि दोन्ही झाडं उगाच ओरबाडली जातात. एक पान पुरतं.

दुपारच्या उन्हात थांबू नका, बारापर्यंत परतीला लागा. छत्री घ्या, मुंबईतून पाऊस निघून जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर असली तरी पाऊस कॅलेंडर पाहत नाही. खडकांवर भरतीच्या वेळी जाऊ नका आणि पाण्यात उतरू नका.

ऑक्टोबर हुकला तर कार्तिक आहे. शुद्ध नवमीला आवळा नवमी येते. आवळीच्या झाडाखाली पंगत मांडून जेवायचं, एवढीच रीत. शाळा, नोकरी, परीक्षा कशाच्याही आड न येणारी. आपल्या कॉम्प्लेक्समध्ये शोभेचे पाम आहेत, आवळी एकही नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी एका आवळीच्या रोपाचा विषय मांडणार आहे, पाठिंबा द्या.

कोजागिरीला गच्चीवर दूध तर आपण आटवतोच. त्या रात्री 'आश्विनी' म्हणून घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. मी दुसरी, तेव्हा माझ्या तक्रारी जुन्या आहेत. यंदा सर्व मुलांना ओवाळा. आणि दुधाचा पहिला पेला वॉचमनकाकांना, दुसरा पहाटे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंसाठी झाकून ठेवा. भाचीकडची एका वाक्याची रीतही तिथेच सुरू करू. प्रत्येकाने एक नाव घ्यायचं, पण अट अशी की त्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी सिल्व्हर पार्कच्या बसथांब्यावर असेन. पाण्याच्या बाटल्या घरून आणा, मासे घेणाऱ्यांनी डबाही आणा. तिथे प्लास्टिकची पिशवी मागायची नाही.