शिशाचा न्याय

अमेरिकेतला आमचा भाचा जुन्या मोटारींच्या हौशी शर्यतीत उतरतो. गाडी १९८३ची फोक्सवॅगन रॅबिट जीटीआय. एका गटातल्या गाड्या बरोबरीला याव्यात म्हणून प्रत्येक मॉडेलला किमान वजन ठरवून देतात. कमी भरलं तर आत शिशाच्या लाद्या ठोकायच्या. इथवर ठीक. पण वजन ठरवायचं कशावर? कुणी म्हणतो, कंपनीच्या छापील अश्वशक्तीवर! रॅबिट ९०, १९८७ची होंडा सिव्हिक एसआय ९१. जुळ्या बहिणीच की! अहो, पण रॅबिटचं इंजिन १.८ लिटरचं, सिव्हिकचं १.५. वळणातून बाहेर पडताना मोठ्या इंजिनाचा जोर आधी हाताशी येतो. छापील आकड्यावर जाणं म्हणजे पत्रिकेतले गुण मोजून सून आणणं. गाडी रोलरवर चढवा, चाकाशी काय पोचतं ते मोजा!

दुसरा म्हणतो, जिंकेल तिच्यात शिसं वाढवा. महालक्ष्मीला जिंकणाऱ्या घोड्यावर वजन चढवतात, ते त्या एका घोड्यावर. इथे एक पठ्ठ्या जिंकला की त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या जड! शेवटून दुसऱ्या येणाऱ्या गरिबानं काय पाप केलं?

हे सगळं भाच्याला तावातावानं ऐकवलं. तो म्हणाला, "चाकाशी मोजलं तर शिसं माझ्याच गाडीत वाढेल. मामा, तू नक्की कुणाचा मामा?"