मिटलेले भांडण आणि कोरा रकाना

लोणी काळभोरच्या परिसरात सरकारी नोकरी म्हटली की पोलिस, सैन्य नाहीतर संरक्षण खात्याचा कारखाना, हीच नावे प्रथम आठवतात. मैदानी चाचणी होते, लेखी परीक्षा होते, यादीत नाव लागते, पेढे वाटले जातात. खरी परीक्षा त्यानंतर असते. तिचे नाव चारित्र्य पडताळणी.

उमेदवाराला एक नमुना भरून द्यावा लागतो. कधी अटक झाली होती काय, खटला चालला होता काय, शिक्षा झाली होती काय, असे त्यात विचारलेले असते. मग तो पोलिस ठाण्यात पोचतो. लोणी काळभोरचे ठाणे २०२१ साली ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयात आले. पण ठाणे कुणाच्याही अखत्यारीत असो, जुनी नोंद सापडतेच.

समजा, बांधावरून मारामारी झाली आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव फिर्यादीत आले. पुढे कोर्टात तडजोड झाली. वडीलधारे सांगतात, "मिटलंय ना? मग कशाला लिहितोस?" मायेपोटी दिलेला हा सल्लाच मुलाच्या मुळावर येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे या प्रश्नाची उकल केली. माहिती खरीच दिली पाहिजे. कोवळ्या वयातील घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब लपवली, तर सरकार ती पोटात घालू शकते. गुन्हा गंभीर असेल तर उमेदवारी रद्द होऊ शकते. पण जे विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. मात्र खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच, असेही नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा हक्क सरकारकडे राहतो.

बँकेत मी वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज वाचले. जुने कर्ज थकले होते, मग फेडले, असे आपण होऊन सांगणाऱ्याशी पुढचे बोलता येते. लपवणाऱ्याच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. ज्याच्या हाती बंदूक वा गुपिते सोपवायची, त्याच्याबाबत सरकारने अधिक काटेकोर असावे, हे मला मान्य आहे.

परंतु काटेकोरपणा म्हणजे आंधळेपणा नव्हे. उमेदवाराचे तेव्हाचे वय, गुन्ह्याचे स्वरूप, मधली वर्षे आणि मिळणारे काम, या चारही गोष्टी पाहूनच निर्णय व्हावा, आणि नकाराची कारणे लेखी मिळावीत. अल्पवयीनांच्या बाबतीत तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नेच, सोळा वर्षांवरील मुलांचे काही गंभीर खटले वगळता, जुन्या दोषामुळे येणारी अपात्रता दूर केली आहे.

तेव्हा पालकांनो, मुलाच्या खटल्याच्या निकालाची नक्कल दहावीच्या गुणपत्रिकेसोबत जपून ठेवा. नमुन्यात प्रश्न विचारला असेल, तर खरे उत्तर लिहून ती नक्कल सोबत जोडा. खरे लिहूनही नकार आला तर दाद मागता येते. खोट्या उत्तरानंतर दाद मागायला तोंड राहत नाही.