रस्ता अडवा, खाते हलवा. पण हिशेब ठेवून



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्याकडे नोंदी आणि पाळीपत्रकाशिवाय आणखी दोन कामांसाठी माणसे येतात. काही जण विचारतात, "साहेब, औंदा रस्ता रोकोला जावं का न्हाई?" काही जण उसाच्या बिलाचे बँक खाते बदलण्याचा अर्ज घेऊन येतात. कारखान्याच्या नोकराने या भानगडीत पडू नये, असा सल्ला आम्हास मिळाला आहे. परंतु प्रश्न आमच्याच टेबलावर येतात, तेव्हा आमचे मत येथे उघडपणे मांडतो.

ऊसभावासाठी रस्त्यावर उतरण्यात गैर काही नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर बसले. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. खेरवाडीला गोळीबार होऊन शेतकरी बळी गेले. त्याच शेतकरी संघटनेचे अधिवेशन १९८४ साली आपल्या परभणीत भरले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्याआधी १९७४ साली वसमतला, जे तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते, विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मराठवाडा विकास आंदोलन पेटले. तेव्हा आंदोलन हे रिकामटेकड्यांचे काम, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हास मान्य नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला. त्याविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले, आणि राजू शेट्टी कोर्टातही गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रस्त्यावरच्यांनी प्रश्न जिवंत ठेवला आणि कागद घेऊन गेलेल्यांनी तो तडीस नेला. दोन्ही लागतात.

म्हणून कागद काय म्हणतो तेही माहीत पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. समजा, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,८०० रुपये पडले आणि आपण १०० टन ऊस घातला. बिल झाले २ लाख ८० हजार. एक महिना उशीर, तर व्याज ३,५०० रुपये. हा हिशेब आम्ही कारखान्याच्याच पत्रिकेत छापत आहोत, कारण कारखाना सभासदांचा आहे. मागील हंगामात शेवटच्या पंधरवड्यांची बिले आपल्याकडूनही मुदतीत गेली नाहीत. ती का रखडली, साखर विकून किती आले आणि त्यातले मालतारण कर्जापोटी बँकेने किती वळते केले, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

आता दुसरी बाजू. मागच्याच हंगामात एका फाट्यावर रात्रभर रस्ता रोको चालला. आम्ही मोटारसायकलवर तेथे गेलो, तर भरलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांब रांग. काहींच्या टायरची हवा सोडलेली. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा; पुढे वजनही घटते आणि उताराही. ती घट भरली कोणी? ज्याला एकरभर ऊस अन् तोही खोडवा, अशा सभासदाने. लढा त्याच्यासाठी, आणि भुर्दंडही त्यालाच, हे बरे नव्हे.

यास्तव आमची एक सूचना आहे. आंदोलनाची तारीख तीन दिवस आधी गट ऑफिसला कळवा. त्या दिवशी त्या रस्त्यावरच्या गटांना तोडणी चिठ्ठ्या निघणार नाहीत, अशी व्यवस्था आम्ही करू. मग बसा खुशाल कल्याण–निर्मल महामार्गावर. दवाखान्याची गाडी आणि परीक्षेची पोरे तेवढी सोडा.

आता बँकेचे. पटत नाही म्हणून बँक बदलणे हा काही नवा खुळेपणा नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांवर अन्याय करणारे राज्य होते आणि बार्कलेज ही इंग्लंडची बँक तेथे मोठा धंदा करीत होती. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे त्या बँकेवर बहिष्कार घातला. १९८६ साली ती बँक तेथून बाहेर पडली. खाते लहान असले तरी अशी पुष्कळ खाती मिळून वजन पडते.

गेल्या साली आमच्याकडे दोन सभासद एकाच आठवड्यात खाते बदलायला आले. पहिले वयस्क. पीककर्जासाठी बँकेने त्यांना सहा चकरा मारायला लावल्या आणि वर अपमान केला. म्हणाले, "त्या ब्यांकेत मपला पैसा ठेवायचा न्हाई."

आम्ही विचारले, "बापू, जुनं कर्ज?"

"फेडून आलोय. हा बेबाकी दाखला."

दुसऱ्यांचे कर्ज थकलेले. बिल नव्या खात्यात गेले म्हणजे वसुली कटणार नाही, असा त्यांचा होरा. तोंडाने मात्र तत्त्वाची भाषा. पहिल्यांचा अर्ज आम्ही त्याच दिवशी पुढे पाठविला. दुसऱ्यांना चहा पाजून परत पाठविले. बापूंनी केले ते तत्त्व. दुसरी ती पळवाट.

ज्यांना खरोखर बँक सोडायची आहे त्यांनी एवढे करावे. पीककर्ज मुदतीत भरावे. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाची व्याज सवलत मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते. बेबाकी दाखला घ्यावा. सातबारावरचा बोजा उतरला का, ते तलाठ्याकडे पाहावे. नवीन बँक पीककर्ज देईल का, हे आधी विचारावे. बिलाच्या खात्याचा अर्ज हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यावा. मध्येच बदलले की एक बिल इकडे, एक तिकडे होते. रागाच्या भरात ज्यादा व्याजाच्या पतसंस्थेत मात्र जाऊ नये. बँकेतील ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. मल्टिस्टेटच्या दारात उभे असलेले ठेवीदार मराठवाड्याने नुकतेच पाहिले आहेत.

जिल्हा बँकेविषयी थोडे वेगळे सांगणे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर आठवड्याच्या आतच जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास बंदी झाली. लोक चिडले, पण तो निर्णय काही त्या बँकांचा नव्हता. शिवाय तेथे आपण सोसायटीमार्फत मालकही आहोत. परक्याच्या दुकानातून उठून जाता येते, स्वतःच्या घरातून उठून जाण्याआधी घर झाडून पाहावे.

तेच कारखान्याबाबत. वार्षिक सभेला मंडप भरतो, आणि अहवाल वाचायला घेतला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. जो सभासद रस्त्यावर रात्रभर बसू शकतो, त्याने सभेत दोन तास बसून ताळेबंद विचारावा. उत्तर न मिळाल्यास रस्ता आहेच, आणि त्या दिवशी आमची चिठ्ठी आडवी येणार नाही.

कळावे. जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते