बाबांच्या दगडाला न जुमानणारं पातं

बाबांची साठी आली आणि मी ठरवलं, या वेळी शर्ट-पीस नाही. आख्खी नोकरी उद्यमनगरातल्या टूलरूममध्ये गेलेल्या माणसाला गिफ्ट म्हणजे पोलादच हवं. घडीचा चाकू! मग काय, दोन लेख बाजूला टाकून माझा महिनाभर स्टीलचा अभ्यास. मोबाइल घेताना लोक मेगापिक्सल विचारतात ना, तसं या दुनियेत पात्याच्या स्टीलचं नाव विचारतात.

फंडा असा, की धार टिकावी, पातं तुटू नये आणि गंजूही नये. तिन्ही एकदम मिळणं म्हणजे रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर पार्किंग मिळणं. कार्बन आणि व्हॅनेडियम वाढवलं की कार्बाइडचे कठीण कण तयार होतात, धार टिकते. पण ते फार किंवा मोठे झाले की पातं ठिसूळ. क्रोमियम गंज रोखतं, पण तेच कार्बाइडमध्ये जाऊन बसलं तर गंजाशी लढायला उरतं कमी. म्हणून डी-टू स्टीलमध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पुरतं स्टेनलेस नाही. चाकूवाल्यांना त्याचं केवढं कौतुक! बाबा म्हणाले, ‘एचसीएचसीआर व्हय? त्याच्या डाय करण्यात जन्म गेला माझा.’

त्याच्या वरचा वर्ग पावडर स्टीलचा. वितळलेलं स्टील फवारून त्याची पावडर करायची आणि प्रचंड दाब-उष्णतेखाली ती पुन्हा एकजीव करायची. कार्बाइड बारीक राहतात, सगळीकडे सारखे पसरतात. २००१ मध्ये अमेरिकेत खास चाकूंसाठी आलेलं एस-थर्टी-व्ही यातलंच. २०२१ चं मॅग्नाकटही. ते लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने डिझाइन केलं, आणि त्याचे वडील डेव्हिन थॉमस डमास्कस पोलादाचे नावाजलेले कारागीर. यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आतच, पण ते कार्बाइडमध्ये अडकत नाही. बाप-लेकाची ही स्टोरी वाचून मी पार वितळले. पण बजेट! शेवटी ऑस्ट्रियाच्या बोहलरचं एम-३९० असलेला चाकू सवलतीत मिळाला. २० टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम.

बाबांनी पातं उघडून उजेडाकडे धरलं. ‘लई भारी. पाणी कुणी दिलंय ह्याला?’

प्रश्न बरोबर होता. हीट ट्रीटमेंट बिघडली तर भारीतलं स्टीलही मऊ राहतं, नाहीतर टवका उडतो. डब्यावर स्टीलचं नाव होतं, कडकपणाचा आकडा नव्हता.

तीन महिन्यांनी बघते तर पेरू कापायला बाबांच्या हातात जुनाच चाकू. पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडचा, त्यांनीच ग्राइंडरवर घासलेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पावसाळ्यात गंजतो म्हणून खोबरेल लावून ठेवतात. नवा कपाटात! खरं सांगते, राग आला.

‘आवडला नाही?’

‘आवडला गं. पण धार गेली ती माझ्या दगडावर परत येईना.’

गल्लीतल्या सगळ्या विळ्यांना धार लावून देणाऱ्या माणसाला हे बोलायला तीन महिने लागले होते.

व्हॅनेडियम कार्बाइड हे नेहमीच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतं. दगड भोवतालचं स्टील खातो, कण तसेच राहतात. त्याला डायमंड प्लेट लागते. हे मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. धार किती टिकेल एवढंच बघितलं, गेल्यावर ती लावणार कोण, हे डोक्यातच नाही आलं.

तुम्हाला पार्सलं आणि फळंच कापायची असतील, तर स्विस आर्मी चाकूचं रॉकवेल ५६ च्या आसपासचं मऊसर स्टील पुरे. कुठल्याही दगडावर दोन मिनिटांत धार. (आणि विमानाने जाताना चाकू चेक-इन बॅगेत, प्लीज.)

डायमंड प्लेट मागवली. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. ‘पाणी घालायचं का ह्याच्यावर?’

‘थांबा, वाचून सांगतो,’ मी म्हटलं. (कोल्हापूरच्या पोरी ‘सांगतो’च म्हणतात.) तोवर त्यांनी घासायला सुरुवातही केली होती.